उजव्या बाजूचा खड्डा

“वहिनी, माणसाकडे नुसतं बघितलं की तो काय लपवतोय ते मला कळतं,” असं म्हणत तेओबाल्दो फागुंदिस आत आले आणि मांजराच्या दुधाच्या वाटीत पाय घालून उभे राहिले. “दैवी देणगी आहे ती. मी मागितली नव्हती. निरीक्षण, अनुमान आणि धाडस या तीन गोष्टी एका डोक्यात सहसा मावत नाहीत. माझ्या मावतात.”

“जागा बरीच रिकामी असेल,” नोएमिया म्हणाली. “पाय उचला, भाऊजी.”

तेओबाल्दो हे नोएमियाच्या दिवंगत नवऱ्याचे धाकटे भाऊ. अख्खी नोकरी त्यांनी पासो दो सिनो गावातले पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली. प्रत्येकाच्या परसात वाकून बघायचा सरकारी परवाना इतकी वर्षं खिशात असल्यामुळे आपल्याला माणसांच्या मनातलंही वाचता येतं, असा त्यांचा समज झाला. निवृत्त झाल्यावर त्यांनी टपालाने खाजगी गुप्तहेराचा डिप्लोमा मिळवला आणि दिवाणखान्यात आईच्या फोटोच्या वर लावला. पाद्रीबाबांचं बदक हरवलं तेव्हा त्यांनी चार संशयित शोधून काढले होते. त्यांतल्या दोघांनी पुढच्या रविवारी ते बदक पाद्रीबाबांच्याच ताटात, संत्र्याच्या फोडींसह पाहिलं. तेओबाल्दोंच्या मते ते दुसरं बदक होतं.

अशा माणसाला नोएमियाने आपण होऊन बोलावलं, यावरून तिच्यावर काय वेळ आली होती ते समजावं.

“केस काय आहे?” तेओबाल्दोंनी खुर्ची ओढून विचारलं. केस काय आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि तेओबाल्दोंनाही होतं. पण ती पक्षकाराच्या तोंडून ऐकावी, असं डिप्लोम्याच्या पुस्तकात लिहिलं होतं.

नोएमियाने कपाटातून कंट्रोलर काढून टेबलावर ठेवला. तो ठेवला की टेबल वाजायचं, इतका जड.

एके काळी, नोएमिया तरुण असताना, गावाबाहेर वीटभट्टीच्या मागे एक छोटा कारखाना होता. तिथे ‘मिनुआनो’ नावाचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनायचं. आपल्याकडच्या हाडं गोठवणाऱ्या वाऱ्याचं नाव त्याला मोठ्या अभिमानाने दिलं होतं आणि यंत्राने नावाला जागून सगळ्यांनाच गारठवलं. यंत्र बरं होतं. बुडालं ते कंट्रोलरमुळे, असं गाव म्हणायचं. आणि कंट्रोलर बनवला होता नोएमियाच्या थोरल्या भावाने, अर्नो हेनिगने.

साबणाची वडी उन्हात वितळून पुन्हा घट्ट व्हावी तसा त्याचा आकार. सगळी बटणं डाव्या टोकाला. वर अंगठ्यासाठी दिशेचं बटण, पाठीमागे तर्जनीपाशी उडीचं, त्याखाली मधल्या बोटाला थांबायचं. वायरसुद्धा डाव्या कोपऱ्यातून निघालेली. उजव्या अर्ध्या भागावर काहीच नाही. बटण नाही, दिवा नाही. फक्त एक गोल, गुळगुळीत खड्डा आणि त्याच्या काठावरून बाहेरच्या कडेला जाणारी एक बारीक पन्हळ.

लहान मुलांची बोटं मागच्या बटणांपर्यंत पोचायची नाहीत. पोरं तो पोटाशी धरून दोन्ही हातांनी डाव्या टोकाला अशी झोंबायची, की गाईची धार काढायला बसल्यासारखी दिसायची. चार वर्षांत कारखाना बंद पडला. अर्नो पेलोतासला जाऊन लोकांचे टीव्ही दुरुस्त करत राहिला आणि तिथेच वारला.

“आता म्युझियम होतंय जुन्या रेल्वे स्टेशनात,” नोएमिया म्हणाली. “दोन काचेची कपाटं आहेत. एकावर लिहिलंय ‘गावाची शान’. त्यात पहिला अकॉर्डियन आणि द्राक्षं पिळायचा चरक. दुसऱ्यावर ‘गावाची फजिती’. त्यात तो पूल.”

त्या पुलाचं लाकडी मॉडेल आणि मूळ पूल, दोन्ही नदीच्या पलीकडच्या काठाला पोचत नव्हती.

“आणि म्युझियमचं बघणाऱ्या दोतोर एवांद्रोने ठरवलंय की अर्नोचा कंट्रोलर पुलाशेजारी ठेवायचा. खाली नाव लिहून. शनिवारी त्यांच्या क्लबात पक्कं होणार. मी म्हटलं, त्या खड्ड्याला काहीतरी कारण असेल. तर म्हणतो, कारण सांगा, शानमध्ये ठेवतो.”

“तुम्ही अर्नोला कधी विचारलं नाहीत?”

“मी लग्न होऊन सांता मारियाला होते तेव्हा. पुढे एकदा विचारलं. म्हणाला, ‘चार माणसं बसली की कळेल.’ मला वाटलं, रागावलाय. चार माणसांत त्याचं हसंच झालं होतं ना.”

बोलता बोलता तिने शिमाराँव भरला. भोपळ्याच्या पोकळ कुईयात हिरवी कडू पूड, तिच्यात खोचलेली धातूची नळी आणि वरून किटलीतलं कढत पाणी. उजव्या हातात किटली असल्यामुळे तिने कुईया डाव्या हाताने पुढे केली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, “हाताबद्दल माफ करा.”

यावर समोरच्याने “हृदयाच्या बाजूचा आहे” म्हणून कुईया उजव्या हाताने घ्यायची असते. शेंबडं पोरही तेवढं जाणतं. तेओबाल्दोंनी कुईया घेतली उजव्याच हाताने, पण डोळे बारीक केले.

“डावा हात. वहिनी, तुम्ही डावखुऱ्या आहात.”

“उजव्यात किटली आहे.”

“घराण्यातच असणार. अर्नो डावखुरा होता. केस संपली.”

“अर्नो उजवा होता. लहानपणी माझी वेणी ओढायचा तो उजव्या हाताने. डोक्याची ही बाजू अजून दुखते.”

तेओबाल्दोंनी शिमाराँवचे चार घोट घेतले आणि तो सिद्धांत तसाच गिळला.

दुसरा सिद्धांत मंगळवारी आला. शहरातल्या बड्या कंपनीने साचा बनवणाऱ्या ओतमारला फितवून मुद्दाम खड्डा पाडून घेतला, असं तेओबाल्दोंचं म्हणणं होतं. त्याची खात्री करायला ते ओतमारच्या खिडकीखाली हायड्रेंजियाच्या झुडपात लपून बसले. म्हाताऱ्या ओतमारने त्यांना आत बोलावून आलुबुखारचा मुरंबा दिला. मुरंब्यात विष असावं असा संशय घेऊन तेओबाल्दोंनी बरणी एक दिवस बंद ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संपवली.

“पण तो म्हणाला काय?” नोएमियाने विचारलं.

“तो कट्टर गुन्हेगार आहे. म्हणतो, अर्नोने सांगितला तसा बनवला. उलट गोलाई नीट नाही म्हणून अर्नोने साचा पुन्हा पुन्हा परत पाठवला.”

“म्हणजे खड्डा मुद्दाम केला होता.”

“तेच तर त्याला आपल्याला पटवायचंय, वहिनी. इथेच सामान्य माणूस फसतो.”

तिसऱ्या सिद्धांतात खड्डा म्हणजे सिगारेटची राख झटकायची जागा होती. अर्नोने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. तेओबाल्दोंच्या मते त्यामुळे प्रकरण जास्तच संशयास्पद झालं होतं.

गुरुवारी त्यांनी विज्ञानाचा आधार घेतला. कंट्रोलर घरी नेला, खड्ड्याला लोणी लावलं आणि त्यात प्लास्टर ओतलं. सुकलेला पांढरा घुमट रुमालात गुंडाळून त्यांनी नोएमियाच्या टेबलावर आणून ठेवला. बूड गोल असल्यामुळे तो लोळायला लागला. नोएमियाने मांजर पडतंय असं वाटून धरावं तसा तो पकडला आणि सवयीने कुईयाची लोखंडी तिवई त्याच्याखाली सरकवली. स्वतः कुईया हातात धरून बसली. घुमट तिवईत अगदी ऐटीत बसला.

“आता बघा,” तेओबाल्दो म्हणाले, “खड्डा बोलायला लागला.”

“काय म्हणतोय?”

“अजून सुरुवात करतोय.”

दोघांनी आळीपाळीने कुईया हातात धरून त्या घुमटाकडे बराच वेळ बघितलं. खड्डा काही बोलला नाही. नोएमियाला लोण्याचा वास मात्र आला आणि भावाच्या आयुष्यभराच्या कामाला असा वास यावा याचं वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी ती कंट्रोलर घेऊन तेओबाल्दोंबरोबर क्लबात गेली. क्लब म्हणजे दोतोर एवांद्रोच्या दवाखान्यामागची खोली. दोतोर दातांचे डॉक्टर. आठवडाभर गावाचे दात उपटायचे आणि शनिवारी लहानपणची व्हिडिओ गेमची यंत्रं झाडून पुसून खेळायचे. त्यांच्याबरोबर बसचालक जिल्मार आणि बेकरीवाला सेल्सो. तिघंही पन्नाशी ओलांडलेले, तिघांचीही पोटं टेबलाला टेकायला आलेली. पण कुठलं बटण किती खोल दाबलं जातं यावर ते असे भांडायचे, जणू वडिलोपार्जित जमीन वाटून घेतायत. चुलीत लाकडं पेटली होती. जिल्मार खांद्याला लावलेल्या थर्मासमधून शिमाराँव भरत होता.

“या डोना नोएमिया,” दोतोर म्हणाले. “तुमच्या गुप्तहेरांनी खड्ड्यातून कोणाला बाहेर काढलं?”

“सांगतो,” तेओबाल्दो म्हणाले. त्यांनी रुमाल सोडला, घुमट लोळू लागला. त्यांनी जिल्मारच्या समोरची तिवई ओढून घेतली आणि घुमट तिच्यावर बसवला.

“ओ, ती कुईयाची आहे,” जिल्मार म्हणाला.

“न्यायासाठी तासभर बिनतिवईचं राहा.”

जिल्मारने कुईया मांडीवर धरली. दोतोरांनी आधी कंट्रोलरवरचं आरोपपत्र वाचून घ्यायचं ठरवलं.

“कंट्रोलर म्हणजे हातमोजा,” ते म्हणाले. “हातात घातला की त्याचा विसर पडला पाहिजे. जपान्यांनी बघा, दोन्ही अंगठ्यांना काम वाटून दिलं. कडा गोल, वजन कवडीचं. आणि हा? हा धोंडा आहे.”

“आमच्याकडे आई कोबीच्या बरणीवर ठेवायची,” सेल्सो म्हणाला. “कोबी मात्र मस्त आंबायचा.”

“बटणं घट्ट आहेत, एवढं कबूल करू,” जिल्मार म्हणाला. “इतक्या वर्षांनीही एक ढिलं नाही. त्या जपानी कंट्रोलरची बटणं दोन उन्हाळ्यांत चिकटली होती.”

“मजबूत तर पूलही आहे,” दोतोर म्हणाले. “मजबूत म्हणून अर्धवट गोष्ट शहाणी होत नाही. अर्धा कंट्रोलर रिकामा सोडलाय या माणसाने. शाळेत चित्र काढताना कागद संपला की पोरं डोकं काढत नाहीत, तसं. डोना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्या भावाला माणसाला दोन हात असतात हे माहीत नव्हतं.”

नोएमियाने हातातली पर्स घट्ट धरली आणि तेओबाल्दोंकडे बघितलं. बघितल्याचा लगेच पश्चात्ताप झाला, कारण ते उठून उभे राहत होते.

“दोतोरांनी नकळत रहस्यावर बोट ठेवलंय,” तेओबाल्दो म्हणाले. “दोन हात. सगळ्यांना असतात का दोन हात? त्या काळी गावात एक सर्कस आली होती. तिच्यात सुऱ्या फेकणारी एक स्त्री होती. सुंदर. आणि तिला उजवा हात नव्हता.”

“कोणी सांगितलं?” सेल्सोने विचारलं.

“अनुमान. अर्नो तिच्या प्रेमात पडला. तिला खेळता यावं म्हणून त्याने हा कंट्रोलर केला. ती सर्कशीबरोबर निघून गेली. उरला फक्त खड्डा. खड्डा हे रिक्ततेचं प्रतीक आहे.”

सेल्सोच्या नाकातून एक आवाज निघाला आणि तिघंही पोट धरून हसायला लागले. दोतोर डोळे पुसत म्हणाले, “आणि हा घुमट?”

“तिच्या आठवणींचं वजन,” तेओबाल्दो गंभीरपणे म्हणाले.

नोएमियाला वाटलं, चुलीत जाऊन बसावं. अर्नोचं आयुष्यभर हसं झालं ते एक, आणि मेल्यानंतर त्याला सर्कशीतली बाई चिकटवायला ती स्वतः जबाबदार झाली ते दुसरं. पाटीवर आता तेही लिहितील.

“झालं तर मग,” दोतोर म्हणाले. “पण न्याय म्हणजे न्याय. निकालाआधी आरोपीला एक संधी देऊ. सेल्सो, यंत्र लाव. हा किती टुकार आहे ते मी खेळून दाखवतो, म्हणजे डोनाच्या मनात किंतु नको.”

पडद्यावर एक घोडेस्वार कुंपणांवरून उड्या मारत पळू लागला. या खेळातली तिसरी नदी गावातल्या एकाही पोराने कधी ओलांडली नव्हती. दोतोर खुर्चीत मागे टेकले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्यांचा पंजा अक्कलदाढा उपटणारा, त्यामुळे डाव्या हाताची बोटं मागच्या बटणांवर सहज जाऊन बसली.

“बघा,” ते खेळता खेळता म्हणाले. “सगळं काम डाव्यावर. उजवा बसलाय बेकार. दगड नुसता मांडीवर, हलत नाही, डुलत नाही.”

त्यांची पाळी आली म्हणून जिल्मारने भरलेली कुईया पुढे केली. दोतोरांनी पडद्यावरची नजर न हलवता ती उजव्या हाताने घेतली. पहिली नदी त्यांनी शिमाराँव ओढत ओलांडली.

“इतका उद्धट आकार,” नळी तोंडातून काढून ते म्हणाले, “मी दुसरा पाहिला नाही.”

दुसऱ्या नदीत मगरी होत्या. दोतोर ओठ चावत खेळू लागले. कुईया तशीच हातात राहिली.

“दोतोर, तो माइक नाही,” जिल्मार म्हणाला. “प्या आणि द्या. मागे लोक आहेत.”

“थांब रे, तिसरी नदी आली.”

त्यांनी कुईया ठेवायला टेबलावर हात चाचपला. तिवईवर तेओबाल्दोंचा घुमट बसला होता. कुईया तशीच टेबलावर ठेवावी तर लोळणार. हात पुन्हा मांडीकडे आला आणि कुईया खाली टेकली. घोडा उडाला, ओंडक्यावर उतरला, पुन्हा उडाला. खुर्चीसकट दोतोर हादरले. घोडा पलीकडच्या काठावर उतरला.

“तिसरी नदी,” सेल्सो हळूच म्हणाला. “दोतोर, तिसरी नदी ओलांडली तुम्ही.”

“ओलांडली, पण किती त्रास. उजव्या हाताला जागाच नाही कुठे.”

“दोतोर,” नोएमिया म्हणाली, “तुमची कुईया कुठे आहे?”

दोतोरांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो रिकामा होता. मग त्यांनी खाली बघितलं.

कुईया अर्नोच्या खड्ड्यात बसली होती. कलली नव्हती, डुलत नव्हती. घोड्याच्या उडीबरोबर चार थेंब सांडले होते, ते पन्हळीतून उजवीकडे वाहून दोतोरांच्या विजारीवर गेले होते. बटणांकडे एकही गेला नव्हता.

जिल्मारने कुईया उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मग त्याने वायर कुठून निघते ते बघितलं. कुईयाच्या हाताला तिचा अडथळा होऊ नये म्हणून ती डावीकडे होती. त्याने कंट्रोलर तळहातावर तोलला. तो जड होता, कारण हलका असता तर कुईयासकट कलंडला असता.

“जपान्यांना हे सुचलं नसतं,” तो म्हणाला.

“चार माणसं बसली की कळेल,” नोएमिया म्हणाली. हे ती कोणाला उद्देशून बोलली नाही. तिला दिसत होता तो कारखाना. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांवर गोल करून बसलेले लोक, फिरणारी कुईया आणि एका हाताने खेळत दुसऱ्याने ती घेणारा तिचा भाऊ. उजव्या हाताने. डाव्याने घेणं आईला चाललं नसतं. त्याला कोणी कारण विचारलंच नाही. आधी हसले, मग विसरले.

दोतोर विजार पुसत होते. हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“तरीही चूकच,” ते म्हणाले. “कंट्रोलर घेतले पोरांनी. पोरं शिमाराँव पितात का? आणि विकायला नेले साँव पाउलोला. तिथले लोक कॉफी पितात. या खड्ड्यात ते काय ठेवणार?”

“बरोबर आहे,” नोएमिया म्हणाली. “ज्या घरात संध्याकाळी कुईया फिरत नाही असं घर जगात असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार. तेवढा तो मठ्ठ होता.”

“मग फजितीच की.”

“दोतोर, तुम्ही चाळीस वर्षांत तिसरी नदी ओलांडली होती?”

दोतोरांनी पडद्याकडे बघितलं. पलीकडच्या काठावर घोडा शेपटी हलवत उभा होता.

“शान,” जिल्मार म्हणाला. “माझं मत शान. आणि आता माझी पाळी. द्या इकडे.”

“एका हाताचा कंट्रोलर,” तेओबाल्दो सगळ्यांकडे बघत म्हणाले. “मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?”

म्युझियम वसंतात उघडलं. ‘गावाची शान’ कपाटात अकॉर्डियन आणि चरकाच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. तिथे पाटी आहे: ‘अर्नो हेनिग यांचा कंट्रोलर. सध्या वापरात आहे.’ दर शनिवारी तो क्लबात असतो आणि इतर दिवशी कोणाकडे ठेवायचा यावर त्या तिघांचं अजून एकमत व्हायचंय. पाचव्या नदीपर्यंत जिल्मार पोचलाय, असं तो सांगतो.

‘गावाची फजिती’ कपाटातही एक जागा रिकामी झाली होती. तिथे पुलाशेजारी तिवईवर प्लास्टरचा घुमट ठेवला आहे. तेओबाल्दो रोज टोपी घालून त्याच्याजवळ उभे राहतात आणि येणाऱ्या शाळकरी पोरांना निरीक्षण, अनुमान आणि धाडस समजावून सांगतात. पोरं हसतात. ती दाद आहे असं त्यांना वाटतं.

नोएमिया तिथे गेली की पर्समधला रुमाल काढून त्या कपाटाची काच तेवढी पुसते. भाऊजींनी त्या दिवशी तिवई अडवली नसती, तर दोतोरांनी कुईया तिच्यावरच ठेवली असती आणि अर्नो जन्माचा पुलाशेजारी गेला असता. पण हे ती त्यांना मरेपर्यंत सांगणार नाही.